परराष्ट्रविद्येची कसोटी: आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी काय शिकावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतून शैक्षणिक मार्गदर्शनाची लगबग सुरू होते. अभियांत्रिकी, परिचर्या, हॉटेल व्यवस्थापन, जहाजावरील नोकरी या परिचित वाटांबरोबरच 'आंतरराष्ट्रीय अभ्यास' या विषयाविषयीही आता विचारणा होऊ लागली आहे. यात नवल नाही. युक्रेन आणि गाझा येथील युद्धांची, २०२५ च्या मे महिन्यातील भारत-पाकिस्तान संघर्षाची दृश्ये आपल्या मुलांनी घरात बसून पाहिली. जग असे का वागते, हे जाणून घ्यावे असे त्यांना वाटणे स्वाभाविकच आहे.

मात्र या अभ्यासक्रमाकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा दोनच प्रकारची असते. पालकांच्या मनात परदेशाचा व्हिसा आणि दूतावासातील प्रतिष्ठेची नोकरी असते. विद्यार्थ्यांच्या मनात केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा असते. या दोन्ही आकांक्षा गैर नाहीत. परंतु विद्यापीठात तीन किंवा पाच वर्षे घालवून विद्यार्थ्याने नेमके काय शिकून बाहेर पडावे, हा प्रश्न त्या गडबडीत विचारलाच जात नाही. आज त्याचाच ऊहापोह करण्याचा आमचा विचार आहे.

विषयाचा जन्म

हा विषय कसा जन्मास आला, ते प्रथम पाहू. पहिल्या महायुद्धाने युरोपातील एक सबंध तरुण पिढी गिळंकृत केली. युद्ध संपल्यावर १९१९ साली वेल्समधील अॅबरिस्टविथ येथील महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले. डेव्हिड डेव्हिस नावाच्या दानशूर गृहस्थाने आणि त्याच्या दोघी बहिणींनी त्यासाठी देणगी दिली, ती युद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. असा संहार पुन्हा होऊ नये म्हणून तो का होतो याचा अभ्यास व्हावा, ही त्यामागील तळमळ होती.

त्याच वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन या येशूसंघीयांच्या विद्यापीठात परराष्ट्रसेवेचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. तिचे संस्थापक होते येशूसंघीय धर्मगुरू फादर एडमंड वॉल्श. अमेरिकेची आजच्या स्वरूपातील परराष्ट्रसेवा त्यानंतर, म्हणजे १९२४ साली अस्तित्वात आली. शाळा सुरू करून हे फादर वर्गातच बसून राहिले नाहीत. १९२२ साली रशियात भीषण दुष्काळ पडला असता पोप महोदयांच्या वतीने गेलेल्या मदतकार्याचे नेतृत्व त्यांनी केले. साम्यवादी राजवटीशी त्यांचे वैचारिक वैर होते. तरी त्या राजवटीतील उपाशी माणसापर्यंत अन्न पोहोचवण्यासाठी तिच्याशीच बोलणी करणे त्यांना भाग होते. प्राध्यापक, वाटाघाटी करणारा आणि भुकेल्यांना अन्न देणारा अशा तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीने निभावल्या, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

आपल्या देशात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' ही संस्था स्थापन झाली. १९७० साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला जगाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारे अभ्यासक हवे होते. लंडन किंवा वॉशिंग्टनच्या चष्म्यातून अरबस्तान अथवा चीन पाहण्याची सवय मोडावी, हा त्यामागील हेतू होता.

तिन्ही ठिकाणी प्रारंभ गरजेतून झाला, हौसेतून नव्हे. आज मात्र हा विषय सत्तासमतोल, महासत्ता, सामरिक भागीदारी अशा भारदस्त शब्दांच्या गर्दीत अडकून पडण्याचा धोका आहे. हे शब्द निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. तथापि, त्या शब्दांच्या पलीकडे विद्यार्थी पोहोचला की नाही, हे तपासण्यासाठी एखादी साधी कसोटी हवी. ती आपल्याच किनाऱ्यावर उपलब्ध आहे.

पालघरचा खलाशी आणि मालीरचा तुरुंग

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी या भागांतील अनेक तरुण गुजरातच्या मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातात. त्यांपैकी बरेचजण आदिवासी आहेत. ओखा, पोरबंदर, वेरावळ येथून निघालेल्या नौका मासळीच्या शोधात उत्तर-पश्चिमेकडे सरकतात आणि कधीतरी पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागतात. नौका जप्त होते. खलाशांची रवानगी कराचीच्या मालीर तुरुंगात होते. तिकडच्या मच्छीमारांचीही हीच गत होते. सिंधच्या किनाऱ्यावरील गरीब कोळी आपल्या तुरुंगांत खितपत पडतात.

दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या परस्परांना देतात. १ जुलै २०२५ रोजी दिलेल्या यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यात भारतीय अथवा भारतीय समजले जाणारे १९३ मच्छीमार होते. भारताच्या ताब्यात पाकिस्तानी अथवा पाकिस्तानी समजले जाणारे ८१ मच्छीमार होते. २०१४ पासून तोवर २,६६१ भारतीय मच्छीमार मायदेशी परतले होते, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या वेळी सांगितले. म्हणजे लोक सुटतात आणि पुन्हा नवे पकडले जातात.

आता आमची कसोटी अशी. शिक्षेची मुदत संपूनही ज्याचा नवरा घरी आलेला नाही, अशी एखादी बाई आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी घेतलेल्या आपल्या मुलाकडे वा मुलीकडे आली आणि तिने विचारले, "माझा माणूस का येत नाही? मी कुणाला अर्ज करू?" तर त्या पदवीधराला तिच्या भाषेत, खरे आणि उपयोगी उत्तर देता येईल काय? येत असेल तर विद्यापीठाने आपले काम केले. येत नसेल तर महासत्तांविषयीचे त्याचे ज्ञान कितीही अद्ययावत असो, शिक्षण अपुरे राहिले असे म्हणावे लागेल.

हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास जवळजवळ संपूर्ण अभ्यासक्रम उलगडत जातो.

नकाशा आणि इतिहास

पहिला धडा नकाशाचा. कच्छच्या पश्चिम टोकाला सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिच्यातील सीमारेषा आजही ठरलेली नाही. खाडीच्या मुखाशी सीमा कोठे आहे हेच ठरलेले नसल्यामुळे समुद्रातील सीमा कोठून आखावयाची, हेही ठरत नाही. पाण्यावर कुंपण नसते हे खरे. परंतु येथे तर कागदावरही एकमत झालेली रेषा नाही.

हा वाद आला कोठून? त्याचे मूळ मुंबईत आहे. त्या काळी सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो १९३६ साली वेगळा झाला. सिंध आणि कच्छचे राव यांच्यात सीमेचा तंटा झाला आणि १९१४ साली मुंबई सरकारने ठराव करून तो मिटवला. ठरावासोबतच्या नकाशात खाडीच्या पूर्व काठावर हिरवी रेषा आहे. पाकिस्तान त्या रेषेवर बोट ठेवते. त्यानुसार सबंध खाडी त्याची ठरते. भारताचे म्हणणे असे की त्याच ठरावात नौकानयनाच्या मध्यप्रवाहाचाही उल्लेख आहे, आणि जेथे खाडी नौकांना जाण्याजोगी असते तेथे सीमा मध्यप्रवाहातून जाते, हे सर्वमान्य तत्त्व आहे. १९६५ च्या संघर्षानंतर कच्छच्या रणाचा निवाडा १९६८ साली आंतरराष्ट्रीय लवादाने दिला; परंतु सर क्रीकचा प्रश्न त्या निवाड्याच्या बाहेर राहिला.

शतकापूर्वीच्या एका सरकारी ठरावातील दोन परिच्छेद परस्परांशी जुळत नाहीत आणि त्याची किंमत आज तलासरीचा खलाशी मोजतो. विद्यार्थ्याने इतिहास शिकावयाचा तो असा: मूळ कागद उघडून, नकाशा शेजारी ठेवून, दोन्ही बाजूंचे वाचन पडताळून.

याबाबतीत वसईकरांना तरी इतिहासाचे महत्त्व सांगावे लागू नये. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह वसईच्याच नावाने ओळखला जातो. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. परंतु 'मुंबई' म्हणजे नेमकी किती बेटे, यावरून दोन्ही पक्षांत जो वाद झाला, त्यामुळे प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले. दूरच्या राजधानीत लिहिलेला शब्द आपल्या पूर्वजांचे आयुष्य कसा बदलतो, याचे धडे आपल्या किल्ल्याच्या दगडांवर कोरलेले आहेत. त्या तहांच्या वेळी येथील शेतकऱ्याला वा कोळ्याला कुणीही विचारले नव्हते, हेही त्या धड्यातच येते.

कायदा: त्याचे बळ आणि त्याची मर्यादा

दुसरा धडा कायद्याचा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारावर भारताने १९९५ साली आणि पाकिस्तानने १९९७ साली शिक्कामोर्तब केले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राष्ट्राचा प्रादेशिक समुद्र असतो; २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र असते, म्हणजे तेथील मासळीवर त्या राष्ट्राचा हक्क असतो. या कराराचे ७३ वे कलम सांगते की आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडणाऱ्या परकीय नौकेला आणि खलाशांना वाजवी हमी घेऊन तत्परतेने सोडावे. आणि संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर या गुन्ह्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. प्रादेशिक समुद्रात घुसलेल्याला मात्र या कलमाचा आधार मिळत नाही. म्हणून नौका नेमकी कोठे पकडली, हा प्रश्न निर्णायक ठरतो. आणि सीमाच अनिश्चित असल्यावर तोच प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसतो.

याशिवाय भारत आणि पाकिस्तान यांच्यात २१ मे २००८ रोजी झालेला कैद्यांविषयीचा करार आहे. अटक झालेल्या नागरिकाला तीन महिन्यांच्या आत त्याच्या देशाच्या दूतावासातील अधिकाऱ्यास भेटू द्यावे. शिक्षा संपली आणि नागरिकत्व निश्चित झाले की एक महिन्याच्या आत त्याला परत पाठवावे, असे त्यात लिहिले आहे. त्या बाईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. 'शिक्षा संपणे' ही एक अट झाली. 'नागरिकत्व निश्चित होणे' ही दुसरी. या दुसऱ्या अटीपाशी कागद अडतो. तो कराचीहून इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयात, तेथून दिल्लीत, दिल्लीहून राज्याकडे, जिल्ह्याकडे, पोलीस ठाण्याकडे आणि अखेरीस गावाकडे येतो. मग त्याच वाटेने परत जातो. मधल्या प्रत्येक टेबलावर तो महिनोन् महिने पडून राहू शकतो. कुणाला अर्ज करावा, याचे उत्तर ही वाट ज्याला ठाऊक आहे त्यालाच देता येईल.

कायद्याचे बळ किती असते, हे श्री. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात दिसले. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ साली त्यांना देहदंड सुनावल्यावर भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दूतावासाशी संपर्क साधण्याचा बंदिवानाचा हक्क सांगणारे १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ वे कलम, हा भारताचा आधार होता. याच २००८ च्या द्विपक्षीय करारात, सुरक्षेच्या कारणावरून झालेली अटक प्रत्येक देश गुणवत्तेवर तपासू शकेल, असे एक कलम आहे. ते पुढे करून पाकिस्तानने बचाव केला. न्यायालयाने तो अमान्य केला आणि १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. मात्र सुटकेचा आदेश दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा, एवढेच सांगितले. एका कलमातील दोन ओळींवर माणसाचा जीव कसा तोलला जातो, हे विद्यार्थ्याने या निकालपत्रातून स्वतः वाचून शिकावे.

कायद्याची मर्यादाही शिकावी लागते. २०१२ च्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्यापलीकडे 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांनी केलेल्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मृत्युमुखी पडले. आठ वर्षांनी आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला की नौसैनिकांना शासकीय कर्तव्य बजावणारे म्हणून भारतीय न्यायालयापासून संरक्षण आहे; मात्र भारताला नुकसानभरपाई मिळावी. इटलीने १० कोटी रुपये दिले आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ४ कोटी मिळाले. यात न्याय झाला काय? काहींना वाटेल झाला, काहींना नाही. विद्यार्थ्याने 'कायदेशीर' आणि 'न्याय्य' या दोन शब्दांतील अंतर येथे मोजावे.

पोट, भाषा आणि भीती

तिसरा धडा अर्थकारणाचा. तलासरीचा मुलगा समुद्राच्या गावचा नसूनही समुद्रावर का जातो? शेतीचा तुकडा लहान, गावात बारमाही काम नाही, आणि नौकेवर हंगामाचा ठरीव पैसा मिळतो म्हणून. नौका सीमेकडे का सरकते? किनाऱ्याजवळची मासळी घटली, डिझेलचा खर्च वाढला, रिकामी नौका परत आणणे मालकाला परवडत नाही म्हणून. सीमा ओलांडण्याचा निर्णय खलाशी घेत नाही. तुरुंगात मात्र तोच जातो. व्यापार, इंधन, पर्यावरण आणि स्थलांतर हे आंतरराष्ट्रीय अभ्यासातील स्वतंत्र 'पेपर' नव्हेत. एका माणसाच्या एका फेरीत ते सारे एकत्र येतात.

चौथा धडा भाषेचा. आपल्याकडे परदेशी भाषा म्हटली की फ्रेंच, जर्मन आणि जपानी आठवतात. त्या जरूर शिकाव्यात. पण शेजाऱ्याची भाषा? आपल्या बंदिवानाचे नाव आणि गाव तिकडे बहुधा उर्दू लिपीत लिहिले जाते. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'तलासरी' हा शब्द वाचणारा 'तिलासरी' किंवा 'तुलासरी' असाही वाचू शकतो. मग तो इंग्रजीत उतरतो, तेथून पुन्हा मराठीत येतो. नाव जुळले नाही की कागद परत फिरतो. अशा वेळी उर्दू अथवा सिंधी वाचू शकणारा एक मराठी पदवीधर दहा सामरिक तज्ज्ञांहून अधिक उपयोगी पडेल. दुसऱ्याची भाषा शिकणे म्हणजे त्याचे म्हणणे मान्य करणे नव्हे. ते नीट ऐकू येणे होय. आणि ज्याला नीट ऐकू येते, त्याला फसवणेही कठीण असते.

पाचवा धडा भीतीचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रमार्गेच आले. त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावली आणि तिच्यावरील खलाशांची व तांडेलाची हत्या केली. त्यामुळे अनोळखी नौकेकडे संशयाने पाहणाऱ्या तटरक्षकाला सरसकट दोष देता येणार नाही. राष्ट्राची सुरक्षा ही नागरिकांच्या जिवाची सुरक्षा आहे, आणि तिचा गंभीर अभ्यास झालाच पाहिजे. मात्र 'कुबेर'वर मारले गेलेले आणि मालीरमध्ये अडकलेले, हे दोघेही खलाशीच आहेत, हे विद्यार्थ्याने विसरू नये. सुरक्षेच्या नावाखाली खरा धोका आणि गरीब माणूस यांतील फरक पुसला गेला, तर त्याने सुरक्षाही वाढत नाही. तो फरक ओळखण्याची विवेकबुद्धी हेच या शिक्षणाचे फळ.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांत क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचा मारा झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जुलैला, कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण ठरल्याप्रमाणे झाली. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार अणुकेंद्रांच्या याद्याही दर १ जानेवारीला अशाच दिल्या-घेतल्या जातात. दूरचित्रवाणीवर या गोष्टींना फारशी जागा मिळत नाही, कारण त्यांत गर्जना नसते. पण राष्ट्रांमधील नाते अगदी तुटू न देणारे धागे हेच आहेत. अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्यवस्था कोण उभ्या करतो, त्या कशामुळे टिकतात आणि कशामुळे तुटतात, हे शिकवणारा अध्यापक आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

चर्चच्या स्वतःच्या शाळेतील धडा

आंतरराष्ट्रीय संबंध हा ख्रिस्तसभेला परका विषय नाही. व्हॅटिकनचे १८० हून अधिक राष्ट्रांशी राजनैतिक संबंध आहेत. आणि त्यासाठी लागणारे धर्मगुरू घडवणारी रोम येथील अकादमी १७०१ साली स्थापन झाली. म्हणजे या विद्येच्या सर्वांत जुन्या शाळांपैकी एक चर्चची आहे.

या शाळेत २०२० साली झालेला एक बदल विद्यापीठांनी विचारात घ्यावा असा आहे. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अकादमीच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवले की यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याने एक संपूर्ण वर्ष आपल्या धर्मप्रांताबाहेर मिशनकार्यात घालवावे. कायदा, इतिहास, भाषा हे सारे तेथे पूर्वीपासून शिकवले जातच होते. तरीही ज्याला पुढे राष्ट्रप्रमुखांपुढे उभे राहावयाचे आहे, त्याने आधी एखाद्या दूरच्या मिशनमधील गरिबांबरोबर राहिले पाहिजे, असे त्यांना वाटले. २०२५ साली त्यांच्यामागून आलेले पोप लिओ चौदावे हे स्वतः पेरू देशात अनेक वर्षे मिशनरी होते.

अशा विद्येचा उपयोग काय होतो, याचा एक दाखला देतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या बीगल सामुद्रधुनीतील तीन बेटांवरून १९७८ च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि चिली युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. दोन्ही देश कॅथलिक, दोन्हीकडे लष्करी राजवट. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अँतोनियो सामोरे यांना मध्यस्थ म्हणून पाठवले. वयाची सत्तरी ओलांडलेले हे कार्डिनल दोन्ही राजधान्यांत ये-जा करीत राहिले. १९८३ साली त्यांचे निधन झाले; करार झाला तो त्यानंतर, २९ नोव्हेंबर १९८४ रोजी, व्हॅटिकनमध्ये. सहा वर्षे लागली. जे युद्ध झालेच नाही त्याचे स्मारक कुणी उभारीत नाही, आणि त्यात जे तरुण मेले नाहीत त्यांची नावे कुणालाही कळत नाहीत. तरीही हे यश कोणत्याही विजयाहून उणे नाही.

सामोरे यांच्यामागे पोप महोदयांचे नैतिक वजन होते, हे मान्य. पण केवळ सदिच्छेने बेटांचा तंटा मिटत नाही. सागरी सीमा, जुने तह, दोन्ही राजधान्यांतील राजकारण यांची बारीक जाण त्यास लागली. सद्भावना आणि सखोल अभ्यास यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही, हे आपल्या ख्रिस्ती तरुणांनी विशेष लक्षात ठेवावे. शांतीसाठी प्रार्थना करणाऱ्याने करार वाचण्याचा कंटाळा करू नये.

मग काय शिकावे, काय मागावे?

आमच्या मते अशा अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याजवळ निदान पाच गोष्टी असाव्यात. एक, मूळ कागद वाचण्याची सवय: वृत्तपत्रातील सारांश नव्हे, खुद्द ठराव, करार आणि निकालपत्र. दुसरी, नकाशा वाचण्याची आणि त्याच्यावर शंका घेण्याची क्षमता. तिसरी, इंग्रजीव्यतिरिक्त एका परकीय भाषेवर, शक्यतो शेजाऱ्याच्या भाषेवर, खरे प्रभुत्व. चौथी, विरुद्ध बाजूचे म्हणणे तिच्याच शब्दांत प्रामाणिकपणे मांडता येणे. ज्याला ते जमत नाही त्याला स्वतःची बाजूही राखता येत नाही. आणि पाचवी, त्या निर्णयाचा भार ज्याच्यावर पडतो त्याच्या दारापर्यंत जाऊन येण्याचा अनुभव.

या पाचव्या गोष्टीसाठी आपल्याला रोमला जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी एक सत्र पालघर वा रायगडच्या बंदरावर, न्हावा-शेवाच्या गोदीत, आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांची कागदपत्रे जेथे तपासली जातात त्या कार्यालयांत किंवा खलाशांच्या संघटनेत घालवले, तर त्यांना जग तेथेच भेटेल. ज्या कुटुंबाचा माणूस परदेशी तुरुंगात आहे त्याचा अर्ज लिहून देणे, हा एखाद्या प्रबंधाइतकाच कसाचा अभ्यास ठरू शकेल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल: अशा शिक्षणाने नोकरी मिळेल काय? प्रश्न रास्त आहे. मध्यमवर्गीय आईवडिलांनी तो विचारावाच. परराष्ट्रसेवेत दरवर्षी फार थोडे उमेदवार घेतले जातात, हे कुणी लपवू नये. परंतु सागरी विमा, निर्यात व्यापार, स्थलांतरितांचे कायदेशीर साहाय्य, पत्रकारिता, भाषांतर, मदतसंस्था या सर्व क्षेत्रांत करार वाचणारा, भाषा जाणणारा आणि माणसे ओळखणारा मनुष्य लागतो. केवळ सिद्धान्त पाठ केलेल्याला तेथे फारसे विचारीत नाहीत. म्हणजे पोटाची गरज आणि शिक्षणाचा ध्येयवाद यांत येथे मोठा विरोध नाही.

दुसरा आक्षेप असा की एका खलाशाच्या नजरेतून परराष्ट्रधोरण ठरवता येत नाही. हेही खरे आहे. शासनाला एकाच वेळी असंख्य गोष्टी तोलाव्या लागतात. आमचे म्हणणे एवढेच की त्या तराजूत खलाशाचे वजन शून्य धरले जाऊ नये. १९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक केवळ कॅथलिकांना उद्देशून न लिहिता सर्व सद्भावी माणसांना उद्देशून लिहिले. क्यूबाच्या पेचप्रसंगात जग अणुयुद्धाच्या कड्यावरून मागे आले, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. राष्ट्रांमधील शांतीची उभारणी प्रत्येक मनुष्याच्या हक्कांवर व्हावी, हा त्या परिपत्रकाचा गाभा आहे.

तेव्हा पालकहो, येत्या प्रवेशाच्या दिवसांत आपली मुलगी अथवा मुलगा या विषयाकडे वळत असेल तर त्याला परावृत्त करू नका. महाविद्यालयात गेल्यावर शुल्क आणि वसतिगृह यांच्याबरोबर आणखी काही गोष्टी विचारा. येथे कोणत्या भाषा शिकवतात? मूळ करार वाचून घेतात काय? विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर कोठे नेतात? या प्रश्नांना ठोस उत्तरे मिळाली तर प्रवेश घ्यावा. केवळ चकचकीत माहितीपुस्तिका हाती ठेवली गेली तर पुन्हा विचार करावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या राजदूत होईल, कुणी आयोगाच्या परीक्षेत अपयशी ठरून तालुक्याच्या गावी वकिली वा शिक्षकी करील. दोघांच्याही दारी ती बाई कधीतरी येणारच आहे. २००८ च्या करारात एक महिन्याची मुदत लिहिलेली आहे, ती दुसऱ्या अटीपाशी कशी अडते आणि अर्ज कोणत्या कचेरीत करावयाचा, हे तिला समजेल अशा मराठीत सांगता आले, तर तुमची पदवी सार्थकी लागली असे आम्ही मानू.